लाखाच्या वरचे आठ हजार

आमच्या घरमालकांनी मला वरची खोली दिली ती माझा मोबाईल नंबर अकरानं भागला जातो म्हणून. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच सांगते. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटली की सिडकोत लोक शंभर गोष्टी विचारतात. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणे किती येतील. ह्या माणसानं फाटकात उभं राहून फक्त नंबर विचारला. मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले, एक आकडा सोडून एक अशी बोटं नाचवली आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, अकरा! बिलकुल अकरा!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मग घ्या की आत. उन्हात कशाला उभी केली पोरीला?"

मी पिशोरची. वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. आकड्यांशी माझा संबंध नट-बोल्ट किती आले नि किती गेले एवढाच, आणि तेवढ्यानंही माझं डोकं उठतं. त्यामुळं हा माणूस बघून पहिल्याच दिवशी मला वाटलं, बाई, तू कुठं येऊन पडलीस!

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. कॉलेजात गणित शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शर्टाच्या खिशातला खडू काही रिटायर झाला नव्हता. पार्किंगच्या शहाबादी फरशीवर, पाण्याच्या ड्रमवर, गॅसच्या सिलिंडरवर, जिथं जागा मिळेल तिथं भागाकार. सिलिंडर आला की आधी त्यावरचा नंबर बघणार, त्याचे विभाजक काढणार, मग सिलिंडर आत. तोवर गॅसवाला उन्हात ताटकळत उभा. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या फडकं घेऊन मागं मागं पुसत फिरायच्या. "लोकांच्या दारात रांगोळी असती, माझ्या दारात भागाकार," असं म्हणायच्या. पण पुसताना एखादा मोठा भागाकार अर्धवट दिसला तर तेवढा सोडून बाकीची फरशी पुसायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सरांच्या लेखी मोठा आकडा म्हणजे एक घर. म्हणायचे, "मोठ्या आकड्याला भिऊन कसं चालेल? त्याच्या दारात जायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझ्या घरात कोण कोण राहतं?" मूळ संख्या असली, म्हणजे तिला कशानंच भाग जात नसला, की ती एकलकोंडी. ज्याला दोन, तीन, पाच, सात सगळ्यांनी भाग जातो तो मिळूनमिसळून वागणारा. जालना रोडला सिग्नलवर पुढच्या गाडीचा नंबर २०४७ असला की हे स्कूटरवर मागं वळून मला सांगणार, "वरून एकलकोंडा दिसतो बघ, पण लबाड आहे. तेवीस आणि एकोणनव्वद घरात लपवून ठेवलेत." तोवर सिग्नल सुटलेला, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि शिव्या मला, कारण मागं मी बसलेली. परत कधी ह्यांच्या स्कूटरवर बसणार नाही अशी शपथ मी कितीदा घेतली असेल, देव जाणे.

काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझं तोंड कमी आणि जन्मतारीख जास्त बघितली. मला वाटलं, पत्रिका बघायलेत. हे आपले भाग लावायलेत!"

पण लकी नंबर म्हटलं की सर भडकायचे. समोरच्या घरातल्या एकानं नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन विचारायला आला की नंबरची बेरीज नऊ येते, शुभ आहे ना. सरांनी पेढा खाल्ला. मग म्हणाले, "नंबर एकदम गुणी आहे. त्याची फिकीर करू नका. गाडी तुम्ही चालवणार, ती फिकिरीची बात आहे." तो गृहस्थ तणतणत गेला. सर मला म्हणाले, "आकडा त्याच्या कामात असतो गं. त्याला ह्यांच्या लग्नाशी नि गाडीशी काय देणंघेणं? उगाच का तकलीफ द्यायची त्याला?"

आणि एक गोष्ट काकूंनी सांगितलेली. नोकरीत असताना एकदा भरवर्गात सरांनी ठासून सांगितलं की दहा लाख एक ही मूळ संख्या आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर, एकशेएकनं भाग जातो. सरांनी फळ्यावर करून बघितलं. एकशेएक गुणिले नऊ हजार नऊशे एक. बरोब्बर दहा लाख एक. दुसरा कुणी असता तर "बस खाली" म्हणाला असता. सरांनी त्या मुलीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आपण तिच्या बाकावर जाऊन बसले आणि तिच्याकडून उरलेला तास घेतला. घरी आले ते गुलमंडीवरून इमरतीचा पुडा घेऊन. काकूंना वाटलं, बढती मिळाली. "चूक सापडली म्हणून इमरती आणणारा नवरा मला मिळाला, आता सांगा मी कुणाला सांगू?" असं काकू म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

तर असा हा माणूस. बाकी निरुपद्रवी. पाणी यायच्या दिवशी ड्रम भरू लागायचा, माझी स्कूटी पुसून ठेवायचा. पण माझ्या आईच्या बाबतीत ह्या माणसानं जे करून ठेवलं, त्यानं आधी माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग मी जन्माची त्यांची झाले.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी वाळूज रोडला एका टेम्पोनं मला उडवलं होतं. दवाखान्यात मी कितीतरी दिवस बेशुद्ध. आईनं तिथंच व्हरांड्यात महादेवाला बोलून टाकलं की पोरीनं डोळे उघडू दे, तुझ्यापुढं लक्षवाती जाळीन. एक लाख कापसाच्या वाती, सगळ्या स्वतःच्या हातानं वळून. मी डोळे उघडले आणि आईनं वाती वळायला घेतल्या. शेतातून आली की वाती, भाकरी झाल्या की वाती. असं करता करता तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला कळलं तोवर पार पिकला होता. मी तिला ओढत शहरात आणली. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर काचबिंदू होईल, मग गेलेली नजर परत येत नाही. आई म्हणाली, "आधी नवस, मग डोळे. देवाचं अर्धं ठेवून म्या डोळ्याला लोखंड लावून घ्यायची नाय." झालं! त्यापुढं ब्रह्मदेव आला तरी आई ऐकायची नाही. माझा नुसता संताप व्हायचा. माझ्यापायी ही बाई आंधळी होणार आणि वर मलाच म्हणणार, तू जेवलीस का गं.

बरं, वाती होतही आल्या होत्या. पत्र्याची पेटी भरून वातींच्या जुड्या तिनं सोबतच आणल्या होत्या. हजार जुड्या करायच्या, त्यातल्या शेवटच्या चार-सहा राहिलेल्या. त्या झाल्या की ऑपरेशन, असं आमचं ठरलं. मी तारीख पण घेऊन ठेवली.

सकाळचं कोवळं ऊन पार्किंगमध्ये यायचं. आई तिथं चटई टाकून वाती वळत बसायची. सरांच्या फरशीवर आणखी कुणी काही मोजतंय म्हटल्यावर सरांना घरात थोडंच बसवणार? खाली येऊन उकिडवे बसले.

"किती करायच्या आक्का?"

"लाख."

सरांचं तोंड आधी फुललं आणि मग पडलं. "लाख," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका आक्का, पण लाख हा आकडा दिसायलाच बडा. घरात माणसं दोनच, दोन आणि पाच. त्यांनाच पाच-पाच वेळा गुणत बसायचं. तीन आला, दार उघडत नाही. सात आला, उघडत नाही. अकराला तर ओळखच देत नाही. एक आहे, तीनशेचा वर्ग आणि शंभराचा वर्ग मिळवला की बरोबर लाख होतो, तेवढी एक गोष्ट चांगली त्याची. पण बाकी घुमा."

आई खवळली. "देवाला बोललेला आकडा हाय गुरुजी. त्याला नावं ठेवू नका."

"महादेवाच्या बेलाला पानं किती?"

"तीन."

"आणि लाखाला तीननं भाग जात नाही. एक उरतो," सर म्हणाले. मी गॅलरीतून ऐकत होते. मला वाटलं, आता ही माय त्यांच्या टाळक्यात पेटी घालणार.

आईनं हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाली, "पण म्या कुठं नुसता लाख करायलेय? ही माळ हाय नव्हं. एक वात, एक मणी. माळ भरली की एक जुडी. माळ एकशेआठाची, पण जुडी धरायची शंभराचीच. वरचे आठ चुकीभुलीचे. हात हाय माणसाचा, चुकतोच."

सर उकिडवे होते ते मांडी घालून फरशीवर बसले. "म्हणजे हजार जुड्यांत एक लाख आठ हजार वाती?"

"धरायच्या लाखच."

"धरा हो तुम्ही लाख! आहेत किती?" आणि खडू बाहेर आला. बघता बघता आईच्या चटईभोवती फरशी पांढरी झाली. दोन पाच वेळा, पाच तीन वेळा, आणि तीनही तीन वेळा. "आला, तीन आला! एकदा नाही, तीनदा! नुसत्या लाखाला छत्तीस विभाजक आक्का, आणि ह्याला शहाण्णव. शहाण्णव! तुम्ही चुकांसाठी जागा ठेवली आणि घर माणसांनी भरून गेलं!" काकू दारात येऊन बघत होत्या. त्यांनी फडकं काही आणलं नाही. आईला त्यातलं काडीचं कळलं नसणार, पण आपल्या वातींचं कौतुक चाललंय एवढं कळलं आणि ती लाजली. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या तिनं.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा खाली. म्हणाले, "जिच्या पोटी एवढं घराणं, ती माळ तरी बघू द्या." आईनं दिली. आता ह्या माणसाच्या हातात माळ दिल्यावर बोटं गप्प बसतील का? मणी सरकवत गेले. थांबले. पुन्हा पहिल्यापासून सरकवले. आणि एकदम खुशीत ओरडले, "एकशेतीन! आक्का, ही तर एकशेतीनची! मूळ संख्या! एकदम एकलकोंडी!"

मी जिन्यात होते. आईचं तोंड मी बघितलं आणि पायऱ्या उतरून खाली आले.

मागं कधीतरी गावाकडं अंगणात माळ तुटली होती. आईनं मणी चाचपून गोळा केले आणि स्वतःच पुन्हा ओवली. पाच मणी कुठं गवतात राहिले ते तिला दिसलेच नव्हते. आणि तेव्हापासूनच्या कुठल्या जुड्या एकशेआठाच्या नि कुठल्या एकशेतीनच्या, हे आता कोण सांगणार? आईनं हातातला कापूस खाली ठेवला. पदर तोंडाला लावला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "पहिल्यापासून कराव्या लागतेन."

पहिल्यापासून! एक लाख! त्या डोळ्यांनी!

काकू सरांवर बरसल्या. "सगळं मोजता तुम्ही. कुठं काय बोलावं तेवढं एक कधी मोजलं असतं तर बरं झालं असतं." सर माळ हातात धरून नुसते उभे होते. खुशी कधीच उतरली होती. मी इतकी वर्षं बघत होते, पण आकडा हातात असून इतका गरीब झालेला हा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मी आईला समजावायला गेले. म्हटलं, "अगं, एकशेतीन म्हणजे शंभराच्या वरच आहेत ना? मग लाख झालेच की."

आई म्हणाली, "आठ माझ्या चुकीचे व्हते. त्यातले पाच तर मण्यातच गेले. राहिले तीन. ह्या असल्या डोळ्यांनी एका जुडीत तीनच चुका होतेत व्हय गं? मला मणी दिसंना. दोन-दोन एकदम सरकतेत. वात ओढताना सुटती, मणी मात्र गेलेला असतो. माझ्या चुका आता कशात बसवू, सांग."

कंपनीत आम्ही बोल्ट वजनावर मोजतो, म्हणून म्हटलं, जुड्या काट्यावर टाकू. आई म्हणाली, "देवाला तोलून देऊ व्हय?" सर मागून हळूच म्हणाले की वजनावरून कापूस कळेल, वाती नाही कळणार, एक जाड असते, एक बारीक. मी म्हटलं, मग एक-एक जुडी सोडून मोजते. तर म्हणाली, कुंकू लावून बांधलेली जुडी सोडायची नसते. सगळ्या वाटा बंद! मी पाय आपटत वर गेले. ऑपरेशनच्या तारखेचा कागद कपाटाला चिकटवला होता, त्याच्याकडं बघवेना. आणि खाली आई पेटी मिटून भिंतीला टेकून बसलेली. जेव म्हटलं तर नको, बोल म्हटलं तर नको.

सर माझ्यामागून जिना चढून आले. दारातच थांबले. म्हणाले, "तुझ्या आईचं बरोबर आहे."

माझं टाळकंच सरकलं. "सर, तुम्ही तरी असं बोलू नका! तिची नजर जायलीय!"

"माहीत आहे मला. पण म्हणून तिचं गणित चूक होत नाही. चुकीसाठी ठेवलेली जागा भरून गेली आणि चुका अजून बाहेर उभ्या आहेत, असं म्हणतेय ती. तिला खोटं सांगून तसल्ली देता येणार नाही. ओळखेल ती." एवढं बोलून खाली गेले. पुढचे दोन दिवस फरशी कोरी. काकू मला म्हणाल्या, लग्न झाल्यापासून एवढी स्वच्छ फरशी मी बघितली नाही, आणि मला ती बघवत नाही.

मग एक दिवस मी कंपनीतून आले तर पार्किंगमध्ये सर बसलेले, मांडीवर कापसाचं एवढं मोठं बोंडकं. वात वळत होते. म्हणजे, वळायचा प्रयत्न करत होते. तळहात मांडीवर घासत होते, कापूस गुंडाळला जात होता, सुटत होता, कपाळावर घाम. शेजारी काकू. त्यांच्या वाती बऱ्या. समोर आई, तोंड दुसरीकडं करून.

"आक्का, ऐका," सर म्हणाले. "तुमच्या जुड्यांना हात लावत नाही. तुमचा लाख तुमच्याच हातचा. पण हजार जुड्या, प्रत्येक जुडीत पाच कमी धरू, सगळ्याच एकशेतीनच्या समजून. पाच हजार झाले. तेवढ्या वाती आम्ही करतो. मी, ही, तुमची लेक, गल्लीतल्या बाया. चुकीभुलीच्या वाती. तुमच्या चुकांना जागा पाहिजे ना? ही घ्या जागा."

"पण हात माझा नाय गुरुजी."

"चूक तुमची आहे ना? मग बस झालं. चूक करायला माणूस एकटा पुरतो, भरून काढायला चार हात लागतात. आता तुमच्या महादेवाला हे चालतं की नाही मला ठाऊक नाही. माझी त्याची ओळख नाही. तुमची आहे. तुम्ही विचारून घ्या."

आईनं माळ हातात घेतली आणि डोळे मिटून बसली. काकूंचे हात थांबले. मी जिन्याच्या पायरीवर बसले, पर्स तशीच खांद्याला. एवढी वर्षं देवाला कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मागितलं, खोटं कशाला बोलू.

"विचारलं," आई म्हणाली.

सर घाबरत घाबरत म्हणाले, "काय म्हणाला?"

"म्हणला, वात दाखवा."

सरांनी आपली एक वात तिच्या तळहातावर ठेवली. आईनं ती दोन बोटांत धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मध्ये फुगलेली, एका बाजूला बोडकी, दुसऱ्या बाजूला झिपऱ्या. आईचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता रडते. तर ती फसकन हसली. "आगं माय! ही वात हाय व्हय गुरुजी? मेलेल्या उंदराचं शेपूट हाय हे!" आणि जी हसत सुटली ती थांबेचना. काकू हसल्या, मी हसले, सर आधी ओशाळले आणि मग तेही हसले. कितीतरी दिवसांनी आई हसली होती. मला हसता हसताच रडू आलं.

त्यानंतर आठवडाभर आमचं पार्किंग म्हणजे लग्नघर झालं होतं. गल्लीतल्या बाया जेवणं उरकून यायच्या, मी कंपनीतून आले की बसायची. सर सगळ्यांत हळू. दर दहा वाती झाल्या की फरशीवर एक रेघ ओढायचे. आई एक-एक वात चाचपून बघायची आणि नावं ठेवायची. ही कुणाची, ही तुझी, हिला पीळ नाय. सरांची मात्र न सांगता ओळखायची. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर खोलीत तिनं सरांचं एक शेपूट हातात धरलं आणि मला म्हणाली, "ती डॉक्टरची तारीख निघून गेली का गं?"

मी म्हटलं, "आहे अजून. परवाची आहे. पण तू तर म्हणालीस, आधी नवस—"

"असल्या वाती न बघता देवापुढं ठेवू व्हय? मला आधी डोळ्यानं बघू दे, काय करून ठेवलंय ह्या माणसानं. एक-एक नीट करावी लागंल. चल, घेऊन चल मला."

मी धावत खाली गेले आणि सरांच्या पायाच पडले. ते एवढे गडबडले की हातातला कापूस उडाला. म्हणाले, "अगं अगं, मी काय केलं? माझ्या वाती वाईट आहेत, एवढंच!"

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि बघतच राहिली. माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "लई सुकलीस गं." डॉक्टरांनी वाकू नका, धूर नको, डोळ्याला हात लावू नका असं बजावलं. महिनाभर आई काळा चष्मा लावून पलंगावर बसून होती आणि तेवढा महिना सर रोज वर येऊन विचारायचे, "आक्का, आज कसं दिसतंय?" आई म्हणायची, "गुरुजी, तुम्ही एवढे काळे असताल असं वाटलं नव्हतं."

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर तिनं राहिलेल्या जुड्या पुऱ्या केल्या. मग चुकीभुलीच्या वातींचं टोपलं समोर ओढलं. सरांच्या वाती वेगळ्या काढल्या. सर शेजारी बसले होते, वही तपासायला दिलेल्या पोरासारखे. आईनं पहिली वात उचलली, उन्हात धरली, उलटीपालटी करून बघितली. नीट करायला झिपऱ्या ओढल्या. मग थांबली. ती वात होती तशी टोपल्यात ठेवून दिली. दुसरी उचलली, बघितली, तीही तशीच ठेवली.

"का हो आक्का? लईच बिघडल्यात का?" सरांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "चुकीच्या वाती हायेत नव्हं? चुकल्यासारख्याच दिसू द्या. म्या कशाला सरळ करू?"

सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्येच मोठ्या कढईत तूप घालून आईच्या जुड्या पेटवल्या. धूर डोळ्यात जाऊ नये म्हणून मी तिला दारापाशी खुर्चीत बसवलं, चष्मा लावून. चुकीभुलीच्या वाती शेजारी वेगळ्या परातीत. सर, ज्यांची देवाशी ओळख नाही, ते ह्या खेपेला हात जोडून उभे होते. कशाला जोडले होते, मी विचारलं नाही. कढई भडभडून पेटली. सगळ्या गल्लीच्या तोंडावर उजेड आला, आणि हळूहळू ती विझत गेली. परात मात्र विझेना. सरांच्या वाती जाड, त्यांनी तूपही तसंच ओढून घेतलेलं. एक-एक शेपूट निवांत जळत होतं.

बाया घरी गेल्या. काकू आत जाऊन ताटं करायला लागल्या. आईनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"गुरुजी, बघायलाव का?" ती म्हणाली. "समद्यांत उशिरा तुमच्याच जळायल्यात."

सरांनी खडू काढला नाही. खाली तिच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले, आणि दोघं त्या परातीकडं बघत बसले. आईला प्रत्येक वात वेगवेगळी दिसत होती. बोट करून ती मला दाखवत होती, ती बघ, आणि ती बघ, आणि त्या कडेची पण बघ.